पिस्तुलाआधी नियम तीन!

"जयभीम सर, एकच विचारायचं होतं. पिस्तूल कुठलं घ्यावं?"

मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेला आपला एक कार्यकर्ता समोर बसून हा प्रश्न विचारत होता. वय पस्तिशीच्या आतले, ग्रामपंचायतीचा सदस्य. गायरानाच्या जमिनीवरून गावातल्या मातब्बरांशी त्याचे बिनसले आहे. दोनदा रस्त्यात अडवून शिवीगाळ झाली, एका रात्री घरावर दगड आले. ठाण्यात गेला तर अदखलपात्र नोंदीचा कागद हातात देऊन त्याला घरी पाठवण्यात आले. त्यानंतर त्याने ठरवले की आता हत्यार घ्यायचे. तेही परवाना काढून, सनदशीर मार्गाने. त्याच्या मोबाईलमध्ये चार-पाच पिस्तुलांचे फोटो होते. हे आकाराने लहान, कमरेला दिसत नाही. हे नेमाला पक्के. हे कधीच अडकत नाही असे म्हणतात. यातले कुठले?

तो माझ्याकडेच का आला, तर माझी उमेदीची सगळी वर्षे आयुध निर्माणीत काडतुसांच्या तपासणीत गेली म्हणून. आपल्या समाजातली कितीतरी घरे या कारखान्यांनी उभी केली. दिवसभर दुसऱ्यांसाठी दारूगोळा घडवायचा आणि संध्याकाळी विहारात सभा घ्यायची, असे आमचे आयुष्य. त्याला अहिंसेचे प्रवचन देऊन वाटेला लावणे मला सोपे होते. पण ज्याच्या घरावर रात्री दगड पडतात त्याला प्रवचन देण्याचा अधिकार शहरात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला नाही. म्हणून त्याला सरळ उत्तर दिले, आणि तेच इथे लिहीत आहे. कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. कुठे अत्याचार झाला की आपल्या मोर्चात 'आम्हाला शस्त्र परवाने द्या' ही मागणी होतेच. परवाना मिळाला तर पुढे काय, याचा विचार मात्र कुणी केलेला नसतो!

पहिली गोष्ट, त्याच्या मोबाईलमधले सगळे फोटो पुसून टाकायला लावले. जगात कुणी लहान आणि भरवशाचे सेमी ऑटोमॅटिक पिस्तूल मागितले तर दुकानदार ऑस्ट्रियाच्या ग्लॉक १९ सारखे ९ मिलिमीटरचे पिस्तूल पुढे ठेवतो. १९८८ सालापासूनचे हे मॉडेल, मॅगझिनमध्ये १५ काडतुसे. पण भारतात ९ मिलिमीटर हा प्रतिबंधित बोअर आहे. तो पोलिसांचा आणि लष्कराचा. सर्वसामान्य परवानाधारकाला हातात धरायचे हत्यार म्हणून प्रामुख्याने उरतो तो .३२ बोअर. परदेशी पिस्तुलांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद झाली. त्याआधी आलेली जुनी वॉल्थर वगैरे आजही एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरतात आणि काही लाखांना विकली जातात. ती बागायतदारांची आणि बिल्डरांची खेळणी आहेत. आपल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

मग राहिला सरकारी माल. पश्चिम बंगालमधल्या आयुध कारखान्यांतून आलेले 'अशनि' हे .३२ चे पिस्तूल, आणि कानपूरची .३२ ची रिव्हॉल्व्हर. त्यातली 'निर्भीक' ही हलकी रिव्हॉल्व्हर २०१४ च्या जानेवारीत बाजारात आणली. वजन सुमारे ५०० ग्रॅम, नाव दिल्लीच्या निर्भयाच्या आठवणीने, महिलांच्या संरक्षणासाठी म्हणून, आणि किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये! नावे ठेवण्यात सरकारचा हात कुणी धरणार नाही. भूमिहीन मजुराच्या घरातल्या बाईला वर्षभर राबूनही हातात तेवढे पैसे पडत नव्हते. म्हणजे निर्भय कोणी व्हायचे हे किमतीनेच ठरवून टाकले. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या गेल्या. त्यातल्या कानपूरच्या कंपनीने २०२३ च्या ऑगस्टमध्ये 'प्रबल' नावाची, जास्त पल्ल्याची म्हणून गाजवलेली रिव्हॉल्व्हर काढली. दुकानातल्या फळीवर साधारण एवढेच असते.

आता भरवशाचे कुठले? इथे जरा थांबले पाहिजे, कारण 'भरवसा' या शब्दात सगळी फसगत आहे.

सेमी ऑटोमॅटिक पिस्तुलात चाप ओढला की एक गोळी सुटते. त्याच धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामे टरफल बाहेर फेकते, पुढे येताना मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत ढकलते. हे सगळे डोळ्याची पापणी लवायच्या आत. यासाठी चार गोष्टी जमून याव्या लागतात. काडतुसातली दारू सारख्या जोराची असावी, मॅगझिनच्या ओठाची पत्र्याची कड वाकलेली नसावी, आतली स्प्रिंग थकलेली नसावी आणि झाडणाऱ्याचे मनगट ताठ असावे. मनगट ढिले सोडले तर चांगले पिस्तूलही अडकते. माझा अनुभव विचाराल तर पिस्तुलाला दोष दिला जातो तेव्हा निम्म्या वेळा दोष मॅगझिनचा असतो, आणि उरलेल्यात काडतुसाचा. पावसाळ्यात दमट कपाटात ठेवलेले, नाहीतर भक्तिभावाने तेल पाजलेले काडतूस ऐन वेळी फुस्स होते. तेल पिस्तुलाला लावायचे असते, तेही थेंबभर. जास्त लावले की मराठवाड्याची माती त्यावर बसते आणि स्लाइड रडायला लागते.

तेव्हा भरवशाचे पिस्तूल दुकानात मिळत नाही. ते घरी आणल्यावर सिद्ध करावे लागते. जी काडतुसे वापरायची त्याच जातीची (इथे तरी हा शब्द निरुपद्रवी आहे!) निदान दोनशे काडतुसे न अडकता झाडून झाली, तर त्यावर विश्वास ठेवावा. पण परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते, झाडलेल्यांचा हिशेब द्यावा लागतो, एकेक काडतूस महाग, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नेमबाजीची जागा असलीच तर ती कुठल्यातरी क्लबची. म्हणजे आपला माणूस लाखभर रुपये देऊन जे हत्यार कमरेला लावणार ते चालते की नाही, हे त्याला ज्या रात्री गरज पडेल त्या रात्रीच कळणार.

नेमाचेही तसेच. लहान पिस्तूल लपवायला सोपे, पण पुढची माशी आणि मागची खाच यांतले अंतर कमी. हात केसभर हलला तरी पंधरा पावलांवर गोळी वीतभर बाजूला. पिस्तूल चुकत नसते, हात चुकतो. आणि मूठ लहान असल्याने करंगळी हवेत राहते. सैन्यातल्या माणसाला विचारा, तो सांगेल की हाताला सराव नसेल तर नेमाच्या गप्पा व्यर्थ आहेत.

म्हणून त्याला स्पष्ट सांगितले. तू वर्षाला पन्नास काडतुसेही झाडणार नसशील तर पिस्तुलाच्या नादी लागू नको, रिव्हॉल्व्हर घे. तिच्यात काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा, चाक फिरते, पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलात तेच झाले तर दोन्ही हातांनी स्लाइड मागे ओढून फुसके काडतूस काढावे लागते, आणि अंधारात एका हातात लेकरू असताना ते होत नाही. आणखी एक. .३२ रिव्हॉल्व्हरचे काडतूस वेगळे आणि .३२ पिस्तुलाचे वेगळे. नाव सारखे आहे म्हणून एकाचे दुसऱ्यात घालायला जाऊ नये. आणि स्वस्तात मिळतो म्हणून गावठी कट्टा तर मुळीच नाही. तो हातात फुटतो ही एक गोष्ट झाली. शस्त्र कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाल्यापासून विनापरवाना हत्यार नुसते बाळगल्याबद्दल किमान २ आणि कमाल ५ वर्षांची कैद आहे. आपल्या कार्यकर्त्याच्या घरात कट्टा सापडावा यासारखी मेजवानी विरोधकांना दुसरी कुठली!

तो हे सगळे वहीत लिहून घेत होता. मग मी त्याला विचारले, "हत्यार चालवायची वेळ कधी येईल असं तुला वाटतं?" तो म्हणाला, "ते घरावर चालून आले की."

किती जण येतील? त्याने उत्तर दिले नाही.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातल्या चार जणांना मारले ते जमावाने. आई, मुलगी आणि दोन मुले. सात-आठ काडतुसांचे पिस्तूल एकट्या-दुकट्या गुंडाला थोपवू शकेल. जातीच्या माजाने पेटून सबंध आळी चालून येते तेव्हा ते किती वेळ पुरेल? आणि पुरले, एखादा पडला, तर पुढे? स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आहे. कायदा सगळ्यांना सारखा. पण गोळी स्वसंरक्षणासाठी सुटली की खुनासाठी, याचा पहिला कागद लिहिणार तो ठाण्यातला अंमलदार, ज्याने दगडफेकीची अदखलपात्र नोंद केली होती.

पण खैरलांजीत मला नेहमी सलते ते वेगळेच. त्या प्रकरणाची ठिणगी पडली ३ सप्टेंबरला. भोतमांगे कुटुंबाशी निकटचे संबंध असलेल्या एका पोलीस पाटलाला त्या दिवशी मारहाण झाली होती. ३ ते २९ सप्टेंबर म्हणजे २६ दिवस. कोण कुणावर चिडले आहे, साक्ष कुणी दिली, कोणाचा जीव धोक्यात आहे, हे कळायला २६ दिवस पुरेसे होते. आणि अशा वेळी शासनाने काय करायचे हे ११ वर्षे आधीच छापून ठेवलेले होते.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे नियम ३१ मार्च १९९५ रोजी लागू झाले. त्यातला नियम ३ आपल्या किती कार्यकर्त्यांनी वाचला आहे? मोर्चात आपण त्यातले पाचवे उपकलम मागतो. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जीविताच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी, आवश्यक वाटल्यास, शस्त्र परवाने द्यावेत, असे ते आहे. पण त्याच्या आधी तिसरे आणि चौथे उपकलम आहे. जिथे अत्याचार होण्याची शक्यता आहे ते क्षेत्र निश्चित करायचे, तिथल्या सवर्णांचे, म्हणजे अनुसूचित जाती-जमातीचे नसलेल्यांचे, शस्त्र परवाने आवश्यक वाटल्यास रद्द करायचे. त्यांचेच नव्हे, तर त्यांचे जवळचे नातलग, नोकर-चाकर आणि घरोब्याचे मित्र यांचेही. ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा हत्यारे जप्त करायची. नियम करणाऱ्याने क्रम बरोबर लावला होता. आधी त्यांच्या हातातले काढा, मग गरज पडली तर यांच्या हातात द्या. आपण मात्र तिसरे आणि चौथे वगळून थेट पाचव्याला हात घालतो. आणि शासनालाही ते सोयीचे पडते. कारण पाचव्यात मागणारे आपण आणि नाकारणारे ते. तिसऱ्यात त्यांना आपल्याच सग्यासोयऱ्यांच्या दारात जाऊन बंदूक काढून घ्यावी लागते!

'आवश्यक वाटल्यास' हे दोन शब्द सगळ्या नियमाचा गळा आहेत. आवश्यक कोणाला वाटायचे? जिल्हाधिकाऱ्याला. त्याला कोण सांगणार? ठाणे.

परवान्याच्या अर्जाचेही असेच. शस्त्र कायदा १९५९ चे कलम १४ म्हणते की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणासाठी परवाना नाकारता येणार नाही. चांगले कलम आहे, आणि ते अर्जात लिहावे. पण कलम १३ प्रमाणे जवळच्या ठाण्याचा अहवाल मागवला जातो. आणि आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. आपल्या माणसाने ॲट्रॉसिटीची फिर्याद दिली की दुसऱ्या दिवशी त्याच्यावर मारहाणीची नाहीतर दरोड्याची क्रॉस केस. मग अहवालात एक ओळ येते, 'अर्जदारावर गुन्हा दाखल आहे'. ज्या संकटासाठी परवाना मागितला त्याच संकटाने परवाना गेला. बरे, मिळाला तरी निवडणूक आली की हत्यारे ठाण्यात जमा करण्याचे हुकूम निघतात. गावात डोकी सगळ्यात जास्त भडकतात ती याच दिवसांत. ज्याच्यामागे चुलत-मावस शंभर माणसे आहेत त्याला पिस्तूल जमा केल्याने काय फरक पडतो?

परवाने कोणाला मिळतात हे पाहायचे तर बीडकडे पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. त्याची सुरुवात झाली होती पवनचक्की प्रकल्पावरच्या एका मागासवर्गीय पहारेकऱ्याला झालेल्या मारहाणीतून. सरपंच त्या वेळी त्याच्या बाजूने उभे राहिले. हे पुढच्या गदारोळात बरेच जण विसरले, आपण विसरू नये. त्या हत्येनंतर महाराष्ट्राला कळले की एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने आहेत. कमरेची पिस्तुले मिरवणाऱ्यांच्या, हवेत गोळ्या झाडणाऱ्यांच्या चित्रफिती घरोघर पोहोचल्या. मग प्रशासन जागे झाले आणि शंभरावर परवाने रद्द झाले. म्हणजे परवाना रद्द करता येतो! कलम आहे, अधिकार आहे, शस्त्रागारात जागाही आहे. राज्यभर बोंब झाली तेव्हा जे काही आठवड्यांत झाले, ते वस्तीवर दगड पडतात तेव्हा का होत नाही?

हे आपल्याच देशात घडते असेही नाही. ३० जानेवारी १९५६ रोजी अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. घरात पत्नी आणि तान्हे मूल होते. त्यानंतर किंग यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी रीतसर अर्ज केला. अहिंसेचे पुजारी म्हणून ज्यांची जयंती साजरी होते त्या किंग यांनी! अर्ज फेटाळला गेला. पुढे १९६७ च्या मे महिन्यात ब्लॅक पँथरचे तरुण बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधान भवनात गेले, तेव्हा त्या राज्यात भरलेली बंदूक रस्त्यावर बाळगणे कायदेशीर होते. काही आठवड्यांत रोनाल्ड रेगन या गव्हर्नरने सही करून ते बेकायदा केले. गोऱ्यांच्या हातात होती तोवर ती परंपरा होती, काळ्यांच्या हातात आली आणि धोका झाली. १९७२ मध्ये मुंबईत पँथर हे नाव घेणाऱ्या आपल्या पोरांना ही गोष्ट माहीत होती.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये चातुर्वर्ण्याने बहुजनांकडून तीन शस्त्रे काढून घेतली असे मांडले आहे. लष्करी सेवा, मताधिकार आणि शिक्षण. पहिल्या शस्त्राबद्दल त्यांना कोणताही संकोच नव्हता. ते सुभेदार रामजींचे पुत्र होते, आणि महार रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली त्यात त्यांचा वाटा होता. पण ते शस्त्र म्हणजे पलटण. शिस्त, सराव, शेजारी उभा असलेला दुसरा माणूस आणि मागे उभे असलेले राज्य. एकट्याच्या कमरेचे सात काडतुसांचे पिस्तूल म्हणजे पलटण नव्हे.

तर आम्ही दोघांनी मिळून दोन अर्ज लिहिले. पहिला जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, नियम ३ च्या पोटनियम १ मधील तिसऱ्या आणि चौथ्या उपकलमाखाली. त्यात दगडफेकीची तारीख, अदखलपात्र नोंदीचा क्रमांक, धमकी देणाऱ्यांच्या घरात असलेल्या परवानाधारक बंदुकांचा उल्लेख, आणि हे गाव अत्याचारप्रवण क्षेत्र म्हणून निश्चित करावे ही मागणी. प्रत जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीला. नियम १७ प्रमाणे या समितीची तीन महिन्यांतून निदान एकदा बैठक व्हायलाच हवी. दुसरा अर्ज शस्त्र परवान्याचा, पाचव्या उपकलमाचा आणि कलम १४ चा हवाला देऊन. दोन्हींवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून हलायचे नाही, असे त्याला बजावले.

परवा त्याचा फोन आला. दुसऱ्या अर्जाची चौकशी सुरू झाली आहे. ठाण्यातून दोघे जण येऊन गेले, शेजारीपाजारी विचारले, घरात किती माणसे, दारू पितो का, भांडकुदळ आहे का, पिस्तूल कशाला पाहिजे. पहिल्या अर्जाबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. पलीकडच्या वाड्यातल्या दोन बारा बोअरच्या बंदुका जागच्या जागी आहेत. दक्षता समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख त्याने कचेरीत दोनदा जाऊन विचारली. ती अजून ठरलेली नाही, असे त्याला सांगण्यात आले.